रविवारचं याम छा: हाँगकाँगला येणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्याकडे हाँगकाँगला भारतातून कोणी ना कोणी पाहुणे येतच असतात, आणि आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही त्यांना डिमसमला नेतो. आदल्या रात्री जेवताना प्रश्न सुरू होतात आणि दरवेळी ते जवळपास तेच असतात. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली. माझं सगळं शिकणं शेजारच्या एका आजी-आजोबांच्या टेबलावर झालंय. त्यांनी पहिल्या वर्षी आम्हाला हाताला धरून नेलं नसतं, तर मी आजही मेनूकार्डावरची चित्रं बघून बोट दाखवत बसले असते.

याम छा म्हणजेच डिमसम ना?

तसं म्हटलं तरी चालतं, पण इथली माणसं "डिमसम खायला जाऊ" असं क्वचितच म्हणतात. "याम छा"ला जाऊ म्हणतात. याम म्हणजे पिणं आणि छा म्हणजे चहा. आपला 'चहा' शब्द मुळात त्या चिनी 'छा'पासूनच आलेला आहे, त्यामुळे हा एक शब्द तरी तुम्हाला आधीच येतो. त्या चहाबरोबर जे छोटे छोटे पदार्थ येतात ते डिमसम. इथल्या कँटोनीज भाषेत त्याचा उच्चार 'दिम साम' असा काहीसा होतो, आणि त्या दोन अक्षरांचा अर्थ 'काळजाला स्पर्श' असा लावतात.

हा क्रम मी मुद्दाम सांगते. आधी चहा, मग पदार्थ. ग्वांगझौ आणि आसपासच्या चहाघरांमधून ही पद्धत हाँगकाँगला आली. जुने लोक अजूनही 'यात जुंग ल्यंग गिन' म्हणतात, म्हणजे एक झाकणाचा कप आणि दोन नग. एवढ्यावर म्हातारी माणसं दोन-दोन तास वर्तमानपत्र वाचत बसत. पोट भरायला म्हणून गेलात तर अर्ध्या तासात उठाल आणि "एवढंच?" असं वाटेल. बसायला म्हणून जा.

रविवारीच का? आणि किती वाजता निघायचं?

रोज मिळतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी भल्या पहाटे निवृत्त माणसांची गर्दी असते. पण इथली घरं फार लहान आहेत. लग्न झालेली मुलं, नातवंडं आणि आजी-आजोबा सगळे एका खोलीत मावत नाहीत. त्यामुळे रविवारी कुटुंब भेटतं ते रेस्टॉरंटातल्या गोल टेबलाभोवती. आपल्याकडे सणाला मूळ घरी जमतात, तसं इथे दर आठवड्याला टेबलाभोवती जमतात. हे बघायचं असेल तर रविवारच हवा.

दहाच्या आत पोचा. अकरानंतर तासभर उभं राहण्याची तयारी ठेवा. दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी पदार्थांचे भाव उतरतात, पण तोवर काही चांगले प्रकार संपलेले असतात.

आत गेल्यावर टेबल कसं मिळतं?

दारात माणसं किती ते बोटांनी दाखवायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि थांबायचं. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसवतात. त्याला 'दाप तोय' म्हणतात. त्यात अपमान मानू नका. शेजारच्याकडे बघून मान हलवून 'झो सान', म्हणजे सुप्रभात, एवढं म्हटलं की पुरतं. आमचं पहिलं 'दाप तोय' एका सत्तरीच्या आजोबांबरोबर झालं. त्यांनी न बोलता आपली सॉसची बशी आमच्याकडे सरकवली होती.

बसल्या बसल्या लोक कप-वाट्या चहाने धुतात. भांडी अस्वच्छ असतात का?

नाही. भांडी धुतलेलीच येतात. पहिला गरम चहा वाटीत ओतून त्यात कप आणि चॉपस्टिकची टोकं विसळायची, हा आता सवयीचा भाग आहे. आपण जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतो, तसंच काहीसं. ते पाणी ओतायला टेबलावर एक मोठा वाडगा ठेवलेला असतो. त्यातलं पिऊ नका. बहुतेक वेळा घरातलं तरुण माणूस सगळ्यांची भांडी विसळून देतं. आमच्याकडे आता हे काम माझी मुलगी करते.

चहा कोणता मागवायचा? दूध-साखर मिळते?

बसल्यावर पदार्थांच्या आधी विचारतात ते चहाचंच. त्यामुळे उत्तर तयार ठेवा.

'बो लेय', म्हणजे ज्याला बाहेर पूअर म्हणतात तो. युन्नान प्रांतातला, आंबवलेला, जवळजवळ काळा. वास पावसात भिजलेल्या मातीसारखा, थोडा जुन्या लाकडासारखा. पहिल्या घोटाला लोक तोंड वाकडं करतात, पण तळलेलं आणि चरबीचं खाल्ल्यावर जीभ स्वच्छ करणारा याच्यासारखा दुसरा चहा नाही. इथे सगळ्यात जास्त हाच मागवतात. तो पचत नसेल तर 'हेउंग पिन', म्हणजे मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास लावलेला चहा. मराठी माणसाला तो पहिल्या कपातच आवडतो. 'सौ मेय' हा सौम्य पांढरा चहा आणि 'तित कुन याम' हा उलाँग. वाळवलेली शेवंतीची फुलं बो लेयमध्ये घालून 'गुक बो' करतात. आमच्या घरचा ठरलेला चहा तो.

दूध-साखर नसते. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, पहिल्या दिवशी दूध मागितलं तेव्हा वेटरबाईंना खरंच कळेना. हाँगकाँगचा दुधाचा चहा प्रसिद्ध आहे आणि अतिशय चांगला आहे, पण तो 'छा छान तेंग' नावाच्या साध्या कॅफेत मिळतो. याम छाच्या टेबलावर नाही.

चहाचे पैसे माणशी लागतात, कपाप्रमाणे नाही. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण अर्धवट सरकवून ठेवा. हाक मारावी लागत नाही. येता-जाता कोणीतरी बघतं आणि भरून देतं.

कोणी चहा ओतला की लोक टेबलावर बोटं वाजवतात. काय असतं ते?

आभार. दोन बोटं किंचित वाकवून दोन-तीनदा टेबलावर टकटक करायची. यामागे एक गोष्ट सांगतात. छिंग घराण्यातला सम्राट छ्यानलुंग वेश बदलून फिरत असताना एका चहाघरात त्याने आपल्या सेवकाच्या कपात स्वतः चहा ओतला. सेवकाने उठून लोटांगण घातलं असतं तर सम्राट ओळखला गेला असता. म्हणून त्याने बोटं वाकवून टेबलावरच लोटांगण घातलं. गोष्ट खरी असो नसो, रीत छान आहे. बोलणं मध्येच तोडावं लागत नाही.

आणि चहा आपल्या कपात सगळ्यात शेवटी ओतायचा. आधी टेबलावरच्या मोठ्या माणसांच्या, मग इतरांच्या. हे मात्र नक्की पाळा. बाकी चुका लोक हसून सोडून देतात.

ढकलगाड्या अजून असतात का?

फार थोड्या ठिकाणी. बहुतेक रेस्टॉरंटांत कागदावर पेन्सिलीने खूण करून द्यायची असते किंवा फोनवरून मागवायचं असतं. गाडी बघायचीच असेल तर सेंट्रलला सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये जा. मोठं दालन, खिडकीतून बंदराचं पाणी दिसतं, आणि वाफेच्या टोपल्या रचलेल्या गाड्या ढकलत बायका पदार्थांची नावं पुकारत येतात. आपण थांबवायचं, झाकण उघडायला सांगायचं, आवडलं तर घ्यायचं. टेबलावरच्या कार्डावर लहान, मध्यम, मोठं, विशेष अशा रकान्यांत शिक्का मारतात आणि शेवटी त्या शिक्क्यांचा हिशेब होतो. टोपलीचा भाव आकारावर नाही तर त्या वर्गावर ठरतो.

जुनं वातावरण हवं असेल तर स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू टी हाउस आहे, १९३३ साली सुरू झालेलं. लाकडी कप्पे, रंगीत काचा. तिथे खर्च जास्त होतो. २००९ साली माँग कॉकमध्ये सुरू झालेलं टिम हो वान हे त्याच्या उलट टोकाचं. एका छोट्याशा दुकानाला स्वस्त डिमसमसाठी मिशलिनचा तारा मिळाला आणि आता त्याच्या शाखा अनेक देशांत आहेत. तिथला वरून खुसखुशीत, भाजलेला 'छा सिउ बाउ' खाण्यासारखाच आहे.

पहिल्यांदाच येतोय. काय मागवू?

मासे-कोलंबी खात असाल तर 'हा गाउ'पासून सुरुवात करा. कोलंबीचं सारण भरलेली, पारदर्शक पारीची, अर्धचंद्राच्या आकाराची वाफवलेली करंजी म्हणा ना. एखादं रेस्टॉरंट कसं आहे हे जाणकार याच्यावरून ठरवतात. पारी इतकी पातळ हवी की आतल्या कोलंबीचा गुलाबी रंग दिसावा, पण चॉपस्टिकने उचलताना फाटता कामा नये. आणि चुण्या एकसारख्या हव्यात. सात तरी असाव्यात असं म्हणतात, चांगला आचारी दहाच्या वर घालतो.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. आईंच्या हातच्या मोदकांना एकवीस कळ्या मोजून असतात. पहिला हा गाउ त्यांनी खाल्लाच नाही. उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "ही कसली उकड गं?" मला सांगता आलं नाही. मग शेजारच्या आजींना विचारून आले. तांदूळ नव्हेच. गव्हाच्या पिठातला चिकट भाग धुऊन काढला की खाली जे पांढरं सत्त्व उरतं, ते. त्यावर उकळतं पाणी ओतून मळायचं आणि सुरीच्या तेल लावलेल्या चपट्या बाजूने एकेक पारी दाबून काढायची. आई म्हणाल्या, "म्हणजे कुरडईचा चीक की!" अगदी तोच. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून आपण जो चीक काढतो आणि शिजवल्यावर जो काचेसारखा चमकतो, तोच इथे कोलंबीवर पांघरूण म्हणून येतो. तेव्हापासून आमच्या घरात हा गाउला 'चिकाचे मोदक' म्हणतात. त्या दिवशी आईंनी तीन टोपल्या मागवल्या.

त्यानंतर 'सिउ माय': डुकराचं मांस आणि कोलंबी, पिवळ्या पारीत, वरून उघडं. 'छा सिउ बाउ' म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा मऊ पांढरा पाव. वाफेवर तो वरून फुलासारखा उमलला पाहिजे. याच्या बुडाला कागद असतो, तो काढून खा. 'छेउंग फन' म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ थराची गुंडाळी, वर गोडसर सोया सॉस. आपल्या पातोळ्यांच्या जातीची, पण कितीतरी मऊ. 'लो माय गाय' म्हणजे कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात आणि कोंबडी. पान खायचं नाही, पण त्याचा वास भाताला लागतो, केळीच्या पानात वाफवलेल्या पानगीसारखा.

शेवटी अंड्याची टार्ट 'दान तात', किंवा काळपट साखरेचा वाफवलेला केक 'मा लाय गो'. गरम असताना खा, थांबू नका.

कोंबडीचे पाय खरंच खायचे?

मांसाहारी असाल तर एकदा नक्की. आधी तळतात, मग थंड पाण्यात भिजवतात. त्याने कातडी फुगते. मग मसाल्यात शिजवून काळ्या आंबवलेल्या सोयाबीनबरोबर वाफवतात. एवढ्या खटाटोपानंतर ती कातडी तोंडात विरघळते. हाडं तोंडातून बशीत काढणं इथे असभ्य नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. काही मिळेल का?

मिळेल, पण हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माझ्याकडून मोठी चूक झाली आहे. बाबा माळकरी आहेत. पहिल्या वेळी मी त्यांच्यासाठी 'लो बाक गो' मागवलं. नाव मुळ्याची वडी, दिसायला वडीच, तव्यावर परतलेली. तुकडा त्यांच्या तोंडाजवळ गेला तेव्हा मला आतला लाल कण दिसला. चिनी सॉसेज होतं, आणि सुकवलेली कोलंबीही. मी हात धरला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी फक्त चहा घेतला. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

म्हणून नावावर जाऊ नका. मुळ्याच्या वडीत मांस असतं. अरवीच्या जाळीदार तळलेल्या 'वू गोक'मध्ये बहुधा डुकराचं सारण असतं. 'हाम सुय गोक' बाहेरून गोड पुरीसारखं दिसतं, आत खिमा. पाव आणि टार्टच्या पिठात अनेकदा डुकराची चरबी असते. मँगो पुडिंग आणि फुलांच्या जेलीत जिलेटिन असतं. साध्या उकडलेल्या भाजीवरसुद्धा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओतून आणतात.

नेहमीच्या रेस्टॉरंटात हक्काने मागता येईल ते 'झाय छेउंग', म्हणजे सारण नसलेली साधी छेउंग फन, तिळाच्या आणि सोया सॉसबरोबर. दुसरं म्हणजे कायलान किंवा छोय सम ही पालेभाजी 'झाउ हो याउ', म्हणजे ऑयस्टर सॉसशिवाय. यांची वाफ आणि भांडी मात्र सामायिक असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सरळ शाकाहारी रेस्टॉरंट गाठावं.

"ङो सिक झाय" असं सांगा. 'झाय' हा बौद्ध शाकाहार. "भाजी खातो" म्हटलंत तर भाजीवर मांसाचा रस येऊ शकतो. 'झाय' म्हटलं की समोरच्याला ही धर्माची बाब आहे हे लगेच कळतं.

बाबांना आता आम्ही डायमंड हिलला नेतो. तिथे ची लिन हे भिक्षुणींचं मठस्थान आहे आणि शेजारी नान लियान बाग, २००६ साली लोकांसाठी खुली झालेली. बागेत धबधब्यामागे मठाचंच शाकाहारी रेस्टॉरंट आहे. खिडकीबाहेर पाणी पडत असतं. मशरूमच्या पारदर्शक करंज्या येतात आणि कोणालाही काही विचारावं लागत नाही. रविवारी आधी टेबल राखून ठेवा.

जैन आहोत. कांदा-लसूण चालत नाही.

पारंपरिक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्यच असतो, तेवढी अडचण सुटते. पण मुळा, गाजर, अरवी आणि मशरूम भरपूर वापरतात. त्याबद्दल प्रत्येक पदार्थाला विचारावं लागेल.

डुकराचं किंवा गाईचं मांस टाळायचं आहे. कसं सांगू?

इथे मराठी माणसाची हमखास गफलत होते, म्हणून नीट वाचा. कँटोनीजमध्ये कोंबडीला जो शब्द आहे तो आपल्या कानाला 'गाय' असाच ऐकू येतो. 'लो माय गाय'मधली 'गाय' कोंबडीच आहे. गोमांस म्हणजे 'ङाउ युक', काही जण 'आउ युक' म्हणतात. डुकराचं मांस म्हणजे 'जू युक'. नको असेल तर आधी 'म् सिक' लावा: "म् सिक ङाउ युक", "म् सिक जू युक". दिसण्यावरून सांगायचं तर मोठे गोल, मऊ, पानं मिसळलेले मांसाचे गोळे बहुधा गोमांसाचे असतात.

हलाल हवं असेल तर वान चायच्या अम्मार मशिदीत पाचव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये जा. तिथे डुकराच्या जागी कोंबडी घालून सिउ माय आणि बाकीचे प्रकार करतात. ज्यांना फक्त डुक्कर टाळायचं आहे अशा पाहुण्यांनाही मी तिथेच नेते. पदार्थ चांगले आणि मनात शंका नाही.

कोलंबीची ॲलर्जी असेल तर मात्र याम छा खरोखर जिकिरीचं आहे. ती जवळजवळ सगळ्यात असते. शेंगदाण्याची असेल तर 'छिउ चाउ फन गुओ' टाळा.

किती मागवायचं? खर्च किती?

एका टोपलीत साधारण तीन किंवा चार नग. माणशी तीन टोपल्या पुरे. पण सगळं एकदम मागवू नका. पहिल्या फेरीत पाच-सहा, मग चहा, मग पुढचं. गार झालेला हा गाउ कडक होतो आणि त्याची मजा जाते. मध्यम दर्जाच्या ठिकाणी एक टोपली २५ ते ५० हाँगकाँग डॉलर धरा, वर चहा आणि १० टक्के सेवाशुल्क. हॉटेलांत याच्या कितीतरी वर. उरलेलं "दा बाउ" म्हटलं की बांधून देतात.

चॉपस्टिक जमत नाहीत.

चमचा मागा, देतात. भातात चॉपस्टिक उभी खोचून ठेवू नका. मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखी ती दिसते आणि टेबलावरच्या म्हाताऱ्या माणसांना फार लागतं. वाढून घ्यायच्या चॉपस्टिक बऱ्याचदा वेगळ्या रंगाच्या असतात.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत आहेत. चालेल ना?

त्यांच्यासाठीच तर हे आहे. गोंगाट खूप असतो, कोणी मुलांना गप्प बसवत नाही. फिरत्या काचेच्या तबकडीवरून मुलांचा हात मात्र लांब ठेवा, किटली उकळती असते.

मुंबई-पुण्यात डिमसम मिळतातच की. वेगळं काय?

काही ठिकाणी पदार्थ उत्तम मिळतात. पण तिथे ते स्टार्टर म्हणून येतात, रात्री, सूपच्या आधी. चहाची किटली आणि सकाळ नसते. मोमोंशी त्याची तुलना करू नका. ते हिमालयातले, मैद्याच्या पारीचे, स्वतंत्र आणि चविष्ट. आणि मंचुरियन इथे शोधू नका, ते आपल्याकडेच जन्मलं.

बिल कोणी द्यायचं?

"माय दान" म्हटलं की बिल येतं. ज्याने बोलावलं त्याने द्यायचं, पण सगळ्यांनी ते देण्यासाठी भांडायचं, अगदी आपल्यासारखंच. शेजारच्या आजोबांपुढे आम्ही पाच वर्षांत एकदाही जिंकलो नव्हतो. ते हात धुवायला म्हणून उठायचे आणि परस्पर पैसे देऊन यायचे. मागच्या वर्षी बाबांनी तेच केलं. एक शब्दही भाषा येत नसताना काउंटरवर जाऊन कार्ड पुढे केलं. परत आले तेव्हा आजोबांनी काही न बोलता त्यांचा कप भरला, आणि बाबांनी दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केलं.